पार्श्वभूमी : देवयानीच्या जुन्या फ्रेम्स, नवी प्रक्रिया

ऑक्टोबर १९२३मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेची, म्हणजे एम ३१ची, एक काचेची प्लेट घेतली. तिच्यावरच्या एका ठिपक्याला नवतारा मानून त्याने ‘एन’ लिहिले. कपाटातल्या जुन्या प्लेट्सशी ताडून पाहिल्यावर मात्र ‘एन’ खोडला गेला आणि ‘व्हॅर!’ लिहिले गेले. तो सेफीड जातीचा रूपविकारी तारा (याच्या उजळण्या-मंदावण्याच्या काळावरून अंतर काढता येते) निघाला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे त्यावरून ठरले.

पुढे ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी घेतलेल्या प्लेट्समधून नवे काही काढण्याचे हेच काम डार्करूममध्ये वेगळ्या अंगाने केले. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्यावरच बसवून छापली की झगमगता गाभा दबतो आणि बारकावे उरतात. अनशार्प मास्क हे नाव डार्करूममधूनच सॉफ्टवेअरमध्ये आले. दुसऱ्या एका पद्धतीने त्यांनी इमल्शनच्या (प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी लेपाच्या) वरच्या थरातला अगदी फिका ठसा उचलून काढला. लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची पुसट कवचे १९८०मध्ये जगासमोर आली ती अशी.

हौशी छायाचित्रकाराकडे आज प्लेटच्या जागी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची मूळ कच्ची नोंद, आहे. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. रॉ पुसून जेपीईजी ठेवली असेल, तर पुनर्प्रक्रियेला काही उरलेच नाही. रॉ असेल, तर रिचर्डसन आणि लूसी यांचे १९७२-७४चे डीकॉन्व्होल्यूशन (धूसरपणा गणिताने कमी करणे), हबल दुर्बिणीच्या ‘डीप फील्ड’ चित्रासाठी घडवलेले ड्रिझल (किंचित सरकलेल्या फ्रेम्स जोडून बारकावे मिळवणे), तारे मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून होणारी रंगजुळणी, तारे वेगळे काढणारे न्यूरल नेटवर्क, हे सगळे तिच्यावर आज वापरता येते.

इंदूरकरांच्या फ्रेम्सचे काही प्रश्न खास इथले आहेत. अंधारासाठी मांडू गाठले, तरी तिथून देवयानी उगवते ती ईशान्येला, आणि पीथमपूर-इंदूरचा उजेडही ईशान्येलाच. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास ती उत्तरेकडे ७१-७२ अंश उंचीवर पोचते. त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन तासांतल्या फ्रेम्स ठेवाव्यात. उगवतीच्या फ्रेम्स स्टॅकला, म्हणजे अनेक फ्रेम्स एकत्र करून बनवलेल्या चित्राला, फायद्यापेक्षा तोटाच जास्त करतात. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा उजेड मोजक्या तरंगलांबींत असल्याने फिल्टरने बराच अडवता येई, पांढऱ्या एलईडीचा तसा अडत नाही. म्हणून दोन काळांतल्या फ्रेम्स एकत्र करायच्या असतील, तर प्रत्येक रात्रीचा ग्रेडियंट, म्हणजे पार्श्वभूमीतल्या उजेडाचा चढउतार, आधी वेगळा काढावा, मग स्टॅक करावे.

शब-ए-मालवा, म्हणजे माळव्यातली रात्र, थंडाव्यासाठी नावाजलेली आहे, पण ऑक्टोबरच्या संध्याकाळी डीएसएलआरचा सेन्सर तापलेलाच असतो. डार्क करंट (उजेड नसतानाही सेन्सरमध्ये साचणारा संकेत) साधारण दर ६ अंश सेल्सियसला दुप्पट होतो, त्यामुळे पहाटे घेतलेले डार्क (तो संकेत वजा करण्यासाठी लेन्स झाकून घेतलेल्या फ्रेम्स) संध्याकाळच्या फ्रेम्सना लागू पडत नाहीत. फाइलमध्ये सेन्सरचे तापमान नोंदलेले असेल, तर त्यानुसार डार्क निवडावेत.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पार्श्वभूमी वजा करताना. देवयानी आकाशात सुमारे ३ अंश पसरलेली आहे. सॉफ्टवेअरने आकाशाचा उजेड मोजायला आपोआप टाकलेले नमुना-बिंदू तिच्या बाहेरच्या तबकडीवर बसतात, तो प्रकाश आकाशाचा समजला जातो आणि दीर्घिकेभोवती काळपट कडे उमटते. बिंदू हातानेच, कोपऱ्यांकडे, मोजके ठेवावेत. हे काम आणि रंगजुळणी, डीकॉन्व्होल्यूशन, नॉइज कमी करणे ही कामे स्ट्रेचच्या, म्हणजे फिके भाग ताणून उजळ करण्याच्या, आधी करावीत. स्ट्रेचनंतर पिक्सेल प्रकाशाच्या प्रमाणात राहत नाहीत आणि ही गणिते त्याच प्रमाणावर उभी आहेत. गाभा मूळ फ्रेममध्येच जळला असेल, तर कोणतेही मास्क तो परत आणत नाही. त्यासाठी १५-३० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम्स लागतात. त्या जुन्या डिस्कवर नसतील, तर येत्या मोसमात घेऊन जोडता येतात.

२०२२मध्ये हौशी निरीक्षकांना देवयानीच्या आग्नेयेला ऑक्सिजनची सुमारे दीड अंश लांबीची कमान सापडली. ती मात्र अरुंद पट्ट्याचे ऑक्सिजन फिल्टर लावून कित्येक तास साठवलेल्या प्रकाशात दिसली. विनाफिल्टर डीएसएलआरच्या जुन्या फ्रेम्स ताणून तिथे काही निळसर उमटलेच, तर आधी ग्रेडियंटचे बिंदू पुन्हा तपासावेत.