दोउरो, फाइना फ्लुव्हिआल

पोर्तुगालमधील पोर्तो या बंदर-शहरात दोउरो नदीकाठी राबणाऱ्या माणसांवरचा मूक लघु-माहितीपट (१९३१). कालावधी सुमारे २० मिनिटे. दिग्दर्शक मानोएल द ओलिव्हेरा (११ डिसेंबर १९०८ – २ एप्रिल २०१५) यांची ही पहिलीच कृती.

ओलिव्हेरा पोर्तोचेच, एका कारखानदाराचे चिरंजीव. वडिलांनी घेऊन दिलेला किनामो हा छोटा, हाताने चालवायचा चित्रपट-कॅमेरा आणि छायाचित्रणाची आवड असलेले हिशेबनीस आंतोनिओ मेंडिस यांची साथ एवढ्या सामग्रीवर त्यांनी १९२९ पासून सवडीने चित्रण केले. जर्मन दिग्दर्शक वाल्टर रुटमान यांच्या बर्लिन शहरावरील चित्रपटाचा (१९२७) प्रभाव उघड आहे. इथेही निवेदक नाही आणि सलग कथा नाही. पण रुटमान अख्ख्या महानगरावरून फिरतात, तर ओलिव्हेरा नदीकाठचा धक्का सोडत नाहीत, आणि त्यामुळे त्यांची माणसे जवळची वाटतात.

नदीवरचा दोन मजली दों लुईश पूल (१८८६), होड्या, दोरखंड, मासळी, कोळशाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन फळीवरून चालणाऱ्या बायका, हे सारे झपाट्याने एकमेकांत मिसळते. लोखंडी कमान आणि ओझ्याखालची मान लागोपाठ दिसते, आणि पूल नेमका कोणाच्या जोरावर उभा आहे हे शब्दावाचून कळते. एका प्रसंगात आकाशातल्या विमानाकडे पाहताना ट्रकचालकाचे लक्ष ढळते, बैलगाडीला धक्का बसतो आणि बैल बिथरतात. प्रसंग रचलेला आहे, तरी यंत्र आणि जनावर एकाच अरुंद रस्त्यावर आल्याचा तो काळ यातूनच सर्वांत स्पष्ट दिसतो.

नागपूरला समुद्र नाही. तरी १८६७ मध्ये रेल्वे आल्यावर विदर्भातला कापूस याच वाटेने मुंबई बंदराकडे जाऊ लागला. बंदराचे काम धक्क्यावर सुरू होत नाही, ते अशा आतल्या गावांतून सुरू होते. मालधक्क्यावर गाठी उचलणारे, संत्रा मार्केटमध्ये पेट्या वाहणारे आणि इतवारीत धान्याची पोती पाठीवर घेणारे हमाल ज्याने पाहिले आहेत, त्याला पोर्तोच्या बायकांची चाल परकी वाटणार नाही. नागपूरच्या चित्रपटप्रेमींनी हा माहितीपट जरूर पाहावा, तो याच कारणासाठी.

पहिला खेळ १९ सप्टेंबर १९३१ रोजी लिस्बनमध्ये, समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेळी झाला. पोर्तुगीज प्रेक्षकांनी गोंगाट करून नापसंती दाखवली. देशातले दारिद्र्य पाहुण्यांपुढे मांडले, हा त्यांचा राग होता. परदेशी समीक्षकांनी मात्र माहितीपट उचलून धरला.

१९३४ मध्ये लुईश द फ्रेइताश ब्रँकू यांच्या संगीतासह आणि पुढे १९९४ मध्ये एमानुएल नुनेश यांच्या संगीतासह त्याच्या ध्वनियुक्त आवृत्त्या निघाल्या. दृश्यांची लय इतकी पक्की आहे की पहिल्यांदा पाहताना आवाज बंद ठेवणेच चांगले. संगीतासह नंतर पाहावा.