मॅकबेथला बायकोनं बिघडवलं?

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाबद्दल 'मॅकबेथ भला माणूस होता, बायकोनं त्याला राजाच्या खुनाला लावलं' हे इतक्यांदा ऐकवलं जातं, की संहिता उघडून बघायची तसदी कुणी घेत नाही. पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश काढा. चेटकिणी 'राजा होशील' म्हणतात. खुनाचं नावही काढत नाहीत. तो विचार मॅकबेथच्याच डोक्यात येतो आणि त्याच्याच अंगावर काटा उभा राहतो. लेडी मॅकबेथ रंगमंचावर येते ती थेट पाचव्या प्रवेशात.

सातव्यात तो कच खातो तेव्हा ती त्याच्या मर्दपणाला डिवचते, हे खरं. पण सोबतचा सेनानी बँको याच्यावर मारेकरी घालताना तो तिला मुद्दाम अंधारात ठेवतो.

मग त्याची कणव का येते? ही शेक्सपिअरची कारागिरी. राजा डंकनचा खून प्रेक्षकांना दिसतच नाही. दिसतो तो रक्ताळलेल्या हातांनी आलेला, ओठांतून 'आमेन' फुटलं नाही म्हणून हादरलेला मॅकबेथ. (खंजीर तिथेच ठेवायचे, एवढंही भान त्याला राहिलेलं नाही.) विरोधात गेलेला सरदार मॅकडफ, त्याच्या पोराला मात्र मॅकबेथचे मारेकरी आपल्यासमोर भोसकतात, तेव्हा मॅकबेथ तिथे नसतो. तालमीत लेडीला नुसती कैदाशीण केली, की पाचव्या अंकातलं तिचं झोपेत रक्ताचे डाग काढायला हात चोळणं उपरं वाटू लागतं.