मेंदूतलं छायाकल्प ग्रहण

मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात, आला की ‘अंगावरून वारं गेलं’, असं आपण म्हणतो. गेल्या चवथीला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर भाऊकाकांचं तसंच झालं. ते गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीला कवंडाळं ही रानफळं बांधत होते. काकी चहा घेऊन आल्या, तर काका भिंतीला टेकून खाली बसलेले, तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बोबडं. जमलेल्यांपैकी एकाने मोबाईलवरचा संदेश वाचून दाखवला: दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, झटका उतरतो. दुसऱ्याने बीपीची गोळी आणली. तिसऱ्याला कबुतराचं रक्त चोळायचं आठवलं. या गोंधळात गेलेली चाळीस मिनिटं मला आजही खुपतात. ती कशाची होती, ते सांगण्यासाठी हा लेख.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे वीस टक्के, आणि साठा जवळजवळ नाहीच. म्हणून धमनीत गुठळी अडकली की पुढचा सगळा भाग तत्क्षणी मेला, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे आणि उपचाराचा सारा डोलारा या चुकीच्या पलीकडे उभा आहे.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलीटर रक्त मिळतं. ते २० च्या खाली गेलं की चेतापेशी संदेश पाठवणं थांबवते. हात पडतो, वाचा जाते. पण पेशी जिवंत असते. तिच्या आवरणातले पंप सोडियम बाहेर फेकत आणि पोटॅशियम आत ओढत राहतात. घरातले दिवे विझवून फक्त विहिरीचा पंप चालू ठेवावा, तसं. रक्त १० च्या खाली गेलं की पंपही बंद पडतात. पोटॅशियम बाहेर गळतं, सोडियम आणि त्यामागून पाणी आत शिरतं, पेशी फुगते. ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडून शेजारच्या उपाशी पेशींना उत्तेजित करतं, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि उरलीसुरली ऊर्जाही संपते. सांडलेल्या पोटॅशियममुळे विध्रुवीकरणाच्या, म्हणजे पेशींचा विद्युतभार ढासळवणाऱ्या, लाटा उठतात आणि प्रत्येक लाटेबरोबर मेलेला गाभा थोडा थोडा पसरतो.

१९७७ साली आस्ट्रप, सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांच्या मेंदूत हे दोन टप्पे वेगवेगळे मोजले: आधी विद्युतसंदेश थांबतात आणि रक्त आणखी घटल्यावरच पोटॅशियम गळतं. या दोन टप्प्यांमधल्या, गप्प पण जित्या पट्ट्याला ‘पेनम्ब्रा’ म्हणतात. हा शब्द ग्रहणातलाच. आपल्या पंचांगात छायाकल्प चंद्रग्रहण असतं ना, चंद्र मंदावतो पण झाकला जात नाही? तेच. काकांचा हात पडला होता, पण तो हलवणाऱ्या पेशींपैकी कितीतरी अजून या छायेत होत्या. मोठी धमनी बंद पडली तर सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. आता चाळीस मिनिटांचा हिशेब करून बघा.

या पट्ट्याला आजूबाजूच्या बारीक वाहिन्या कसंबसं रक्त पुरवतात, तेही वाढलेल्या दाबाच्या जोरावर. म्हणून घरच्या घरी बीपीची गोळी देऊ नये. दाब एकदम उतरला तर छायेतल्या पेशीही अंधारात जातात. ॲस्पिरिनही नको. झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे चेहऱ्यावरून कोणालाच कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये स्राव लगेच पांढरा दिसतो, तो नाही हे पाहूनच पुढचं ठरतं. बोटं टोचून गुठळी विरघळत नाही. कबुतराचा तर जीव फुकट जातो.

गुठळी विरघळवणारं औषध म्हणजे अल्टेप्लेज. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर टीपीए नावाचं जे प्रथिन बनवतं, तेच कारखान्यात तयार केलेलं. गुठळीच्या फायब्रिन जाळ्यात अडकलेल्या प्लास्मिनोजेनचं ते प्लास्मिन करतं आणि प्लास्मिन ते जाळं कातरतं. १९९५ च्या अमेरिकी चाचणीत तीन तासांपर्यंत, तर २००८ च्या युरोपीय चाचणीत साडेचार तासांपर्यंत त्याचा फायदा दिसला. टेनेक्टेप्लेज हे त्याचंच सुधारित रूप एकाच इंजेक्शनात टोचता येतं. मोठ्या धमनीतली गुठळी जांघेतून नळी घालून ओढूनही काढतात. निवडक रुग्णांत, स्कॅनवर वाचवण्याजोगा भाग दिसला तर, हे २४ तासांपर्यंत करता येतं.

आमच्या गावातून बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायला तासाहून जास्त लागतो, म्हणून १०८ ला, रुग्णवाहिकेसाठी, पहिला फोन जायला हवा होता. तो उशिरा गेला. तिथे डॉक्टरांनी विचारलं, “शेवटचे धडधाकट कधी पाहिले?” घड्याळ तिथून मोजतात, खाली बसलेले सापडले तिथून नव्हे. काकी म्हणाल्या आठ, पुतण्या म्हणाला साडेनऊ. शेवटी नातीच्या मोबाईलमध्ये एक फोटो सापडला: काका माटोळीखाली हसत उभे, दोन्ही हात वर, वेळ ८:५२. डॉक्टरांनी कागदावर तीच वेळ लिहिली.