शाळेतील निधिसंकलन आणि ‘सहभागा’चे बक्षीस : पार्श्वभूमी

वसतिगृहांसाठी घरोघरी मूठभर धान्य मागणारा मुष्टिफंड, एकेका पैशातून उभा राहून १९०८ मध्ये तळेगावच्या काच कारखान्यापर्यंत पोहोचलेला पैसा फंड आणि भूदान चळवळीच्या काळात लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य टाकायला लावणारे सर्वोदय पात्र हे प्रकार परिचयाचे आहेत. मुलाला त्याबद्दल काही द्यावे, हा या योजनांचा भाग नव्हता. पुढे १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनामुळे तीन रंगांचा छोटा कागदी ध्वज शाळेत आला. तो पैसे देणाऱ्याच्या छातीवर लागतो, म्हणून त्याला पावती म्हणता येईल, बक्षीस म्हणता येणार नाही. निधीचा इष्टांक जिल्ह्याला आणि कार्यालयाला असतो; देणगीच्या डब्यात पडलेले नाणे कोणत्या मुलाने आणले, हे डबा सांगत नाही.

तो हिशेब मांडणारा कागद सत्तरच्या दशकात आला. वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेच्या संस्थापकाकडे १९७४ मध्ये भारतातील एका कार्यकर्त्याने आर्थिक मदत मागितली, तेव्हा त्यांनी पैसे देण्याऐवजी निधी कसा उभारावा याचे प्रशिक्षण देऊ केले. लंडनहून परतल्यावर त्या कार्यकर्त्याने दिल्लीत शाळकरी मुलांची प्रायोजित पदयात्रा काढली आणि तिच्या यशानंतर हे काम मुंबई, मद्रास व कलकत्त्यापर्यंत नेण्यात आले. प्रायोजित उपक्रमात मूल आधी शेजारी आणि नातेवाइकांकडून देणगी कबूल करून घेते आणि देणगीदाराचे नाव, रक्कम व सही एका पत्रकावर नोंदवते. मुलाची मेहनत आणि त्याने आणलेली रक्कम प्रथमच एका कागदावर, त्याच्या नावाखाली आली. बक्षिसांची उतरंड रचणे या पत्रकामुळेच शक्य झाले, असे माझे मत आहे.

यापुढचा सारा गोंधळ ‘सहभाग’ या शब्दाभोवती आहे. शाळेच्या परिपत्रकात बक्षीस सहभागाबद्दल असल्याचे लिहिलेले असते, परंतु ठरावीक रकमेला प्रमाणपत्र, त्याहून अधिक रकमेला पदक आणि त्यापुढे भेटवस्तू अशी रचना असेल, तर प्रत्यक्षात मोजली जाते ती रक्कम. दहा दारे ठोठावून थोडे पैसे आणणारी मुलगी आणि एका काकांकडून मोठी नोट घेऊन येणारा मुलगा यांत सहभाग कोणाचा अधिक, हे पत्रकावरून ठरत नाही. ठरते ते कोणाचे नातेवाईक सधन आहेत एवढेच. परिपाठाच्या वेळी आकडे मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रिकामे पत्रक परत करणाऱ्या मुलाची खाली गेलेली मान वेगळी सांगावी लागणार नाही.

रकमेशी बांधलेल्या बक्षिसाने निधी वाढतो, हे गृहीतकही तपासले गेले आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील अभ्यासात दारोदार देणग्या गोळा करणाऱ्या १८० विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला केवळ कामाचे महत्त्व सांगण्यात आले, दुसऱ्याला जमवलेल्या रकमेच्या १ टक्का आणि तिसऱ्याला १० टक्के मोबदला कबूल करण्यात आला. हा मोबदला देणगीतून द्यायचा नव्हता. सर्वांत जास्त निधी पहिल्या गटाने आणला, १० टक्क्यांचा गट थोडा मागे राहिला आणि १ टक्क्याच्या गटाने सर्वांत कमी आणला. त्याआधी १९७३ मध्ये अमेरिकेतील बालवाडीतील प्रयोगात आढळले होते की, चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेली मुले नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे इतरांच्या सुमारे निम्माच वेळ वळली. तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळालेल्या मुलांची आवड मात्र घटली नाही. आधी जाहीर केलेले आमिष आणि मागाहून केलेले कौतुक यांतील हा फरक आपल्या शाळांच्या परिपत्रकांत अजूनही उतरलेला नाही.

शाळेच्या स्वतःच्या इमारत निधीसाठी मुलांना खपवायला दिली जाणारी देणगी-कूपनांची पुस्तके, म्हणजे कूपनबुके, हा याच प्रश्नाचा अधिक नाजूक भाग आहे. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन शुल्काला, म्हणजे प्रवेशासाठी उकळल्या जाणाऱ्या वरकड रकमेला, बंदी आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जाहीर शुल्काबाहेरची कोणतीही देणगी किंवा वर्गणी त्या व्याख्येत आणून, प्रवेश देताना ती घेणाऱ्या शाळेला रकमेच्या दहापटीपर्यंत दंड ठेवला. पाचवीतल्या मुलाच्या दप्तरात वर्षाच्या मध्यावर ठेवल्या जाणाऱ्या कूपनबुकाचा मात्र त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. तेथे सारी भिस्त ‘ऐच्छिक’ या शब्दावर असते, आणि पूर्ण बुक खपवणाऱ्याला बक्षीस लावले की त्या शब्दात फारसे बळ उरत नाही.

२०१६ मध्ये यूपीआय आल्यानंतर पत्रकाची जागा हळूहळू देणगी भरण्याच्या ऑनलाइन दुव्याने (लिंकने) घेतली. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आई किंवा बाबा तो पाठवतात, आत्या-मामा जागच्या जागी पैसे भरतात, आणि मुलाला कोणाचे दार ठोठावावे लागत नाही. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना मिळणारे प्रमाणपत्र परदेशी महाविद्यालयाच्या अर्जाला जोडता येते, हेच आता मोठे बक्षीस झाले आहे. पत्रक निदान दप्तरात घडी घालून राहत असे; दुव्यावरील पानावर मुलाच्या नावापुढचा आकडा ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, त्याच्या वर्गमित्रांनाही.