चाचणी सुरू झाली, रुग्ण कुठे गेले?

नव्या औषधाची चाचणी घ्यायचं ठरलं की विभागप्रमुख छातीठोकपणे सांगतात, "असे रुग्ण आमच्या ओपीडीत रोज येतात!" मग चाचणी सुरू होते आणि रुग्ण दिसेनासे होतात. हा अनुभव इतका जुना आहे की संशोधकांनी त्याला 'लासान्याचा नियम' असं नाव दिलं आहे. ज्यांच्यावरून हे नाव पडलं त्या डॉ. लुई लासान्या यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा, म्हणजे औषधांचा माणसांवरचा परिणाम अभ्यासणारा, विभाग सुरू केला होता. नियम थट्टेचा वाटला तरी कारण साधं आहे. चाचणीत कोणाला घ्यायचं याला वय, मूत्रपिंडांचं काम, चालू औषधं, गर्भारपण अशा कितीतरी अटी असतात. त्यांत बसणाऱ्यांपैकी काही जण नकार देतात, काहींना वारंवार फेऱ्या मारणं जमत नाही. म्हणून चाचणीला होकार देण्याआधी मागच्या वर्षाचे केसपेपर काढून, अटी लावून, मोजणी करावी. हे काम कंटाळवाणं आहे, पण कोणताही अंदाज त्याची जागा घेऊ शकत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन केंद्र वाढवायचं म्हटलं की आधी इमारतीचा नकाशा पुढे येतो, मग यंत्रांची यादी. माझ्या मते सुरुवात स्टडी कोऑर्डिनेटरपासून, म्हणजे चाचणीचं रोजचं काम सांभाळणाऱ्या माणसापासून व्हावी. योग्य रुग्ण हेरणं, भेटींच्या तारखा सांभाळणं, रक्ताचा नमुना ठरल्या वेळी घेऊन उणे ८० अंशांच्या फ्रीझरपर्यंत पोचवणं, परत आलेल्या गोळ्या मोजणं, प्रत्येक नोंद मूळ कागदाशी ताडून पाहणं, हे सगळं त्याच व्यक्तीकडे असतं. गंभीर दुष्परिणाम दिसला तर प्रायोजकाला, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला, साधारण २४ तासांत कळवावं लागतं. ओपीडी, वॉर्ड आणि तास यांत अडकलेल्या प्राध्यापकाला एवढं झेपत नाही.

आणि नेमकी हीच नोकरी सगळ्यात कच्ची असते. पगार एका चाचणीच्या पैशांतून निघतो. चाचणी संपली की माणूस जातो आणि शिकलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. पुढच्या चाचणीला पुन्हा श्रीगणेशा.

यावरचा उपाय जुनाच आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये 'जनरल क्लिनिकल रिसर्च सेंटर' उभारायला निधी द्यायला सुरुवात केली. मोजक्या खाटा, प्रशिक्षित परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा हे सगळं कोणत्याही एका प्रकल्पाच्या मालकीचं नव्हतं. हृदयरोगवाल्यांचा अभ्यास संपला तर तीच परिचारिका मधुमेहाच्या अभ्यासाला मिळायची. २००६ पासून या योजनेची जागा अधिक व्यापक योजनेने घेतली.

तयार माणसं असल्याचा फायदा कोविडमध्ये दिसला. कोविडवर कोणती औषधं चालतात हे तपासणारी ऑक्सफर्ड विद्यापीठाची 'रिकव्हरी' चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि जूनमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल हाती आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने. रुग्णाची माहिती भरायचा अर्ज मुद्दाम सुटसुटीत ठेवला होता हे खरंच, पण ब्रिटनच्या रुग्णालयांत संशोधन परिचारिकांचं जाळंही आधीपासून होतं.

डेक्सामेथासोन जुनं आणि स्वस्त औषध. त्यावर मोठा खर्च करण्यात कोणत्याही कंपनीला फारसा रस नसतो. कंपन्यांच्या चाचण्यांमुळे केंद्राला पैसा आणि शिस्त दोन्ही मिळतात, त्या नाकारण्यात शहाणपण नाही. मात्र त्यातला काही वाटा बाजूला काढून महाविद्यालयाने स्वतःचे प्रश्न हाताळले नाहीत, तर ते केंद्र फक्त रुग्ण पुरवण्याचं कंत्राट घेतं.

एका गोष्टीची घाई मात्र करू नये: नवं औषध माणसाला पहिल्यांदाच देण्याच्या चाचण्यांची. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना काही मिनिटांच्या अंतराने टोचलं गेलं. पहिल्याची प्रतिक्रिया दिसेपर्यंत बाकीच्यांनाही डोस गेला होता. सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले. सुदैवाने सगळे वाचले. त्यानंतर पहिला डोस एकाच व्यक्तीला देऊन थांबायची पद्धत रूढ झाली. ज्या केंद्रात रात्री दोन वाजता प्रशिक्षित डॉक्टर हजर नसतो आणि अतिदक्षता विभाग जवळ नसतो, त्याने आधीच वापरात असलेल्या औषधांच्या चाचण्या घ्याव्यात. त्यांतही विचारण्यासारखे प्रश्न भरपूर आहेत.