आयपी संपले तर मास्क वाढवायचा का दुसरी रेंज जोडायची?

इंदूरात सियागंजच्या पेढीवर जा नाहीतर भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये, "भिया, आयपी खतम हो गए" (म्हणजे नव्या मशीनला द्यायला नेटवर्कात पत्ते उरले नाहीत) हे ऐकू येणारच, आणि मग राउटर बघायला येणारा कधी मास्क, म्हणजे नेटवर्क कुठपर्यंत हे सांगणारी मर्यादा, वाढवतो, कधी दुसरी रेंज, म्हणजे पत्त्यांचा आणखी एक गट, टाकतो, जणू दोन्ही एकच. एकच नाहीत हो, दरवेळी हाच घोळ बघून वैताग येतो.

स्लॅश २४ मध्ये, म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.० असताना, वापरायला २५४ पत्ते, हे माहितीच आहे. मास्क २५५.२५५.२५४.० केला की स्लॅश २३, म्हणजे ५१०. फक्त १९२.१६८.१ ची जोडी १९२.१६८.० शी लागते, १९२.१६८.२ शी नाही. दुसरी रेंज म्हणजे राउटरच्या त्याच लॅन पोर्टला (आतल्या नेटवर्कची तार लागते त्याला) आणखी एक पत्ता, समजा १९२.१६८.५.१. सिस्कोच्या राउटरमध्ये कमांडच्या शेवटी 'सेकंडरी' लिहायचं विसरलात तर जुना पत्ता उडतो आणि अख्खं ऑफिस बंद. मायक्रोटिकमध्ये ॲड केला की झालं.

आता खरी गोम. समोरचं मशीन आपल्या नेटवर्कातलं की बाहेरचं, हे प्रत्येक मशीन आपल्या स्वतःच्या मास्कवरून ठरवतं, राउटरला त्यात कुणी विचारत नाही. आतलं वाटलं तर एआरपी करून, म्हणजे 'हा पत्ता कुणाचा' असं नेटवर्कात विचारून, थेट पाठवायचं, बाहेरचं वाटलं तर गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे. म्हणून नुसत्या राउटरवर मास्क बदलून भागत नाही. डीएचसीपीवाले, म्हणजे आपोआप पत्ता मिळणारे, लॅपटॉप, मोबाइल लीज (पत्त्याची मुदत) रिन्यू करताना नवा मास्क घेतात, पण प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, टॅलीचा सर्व्हर, ज्यांना कुणीतरी कधीकाळी हाताने आयपी घातलाय, ते जुन्या २५५.२५५.२५५.० वरच बसून राहतात. मग १९२.१६८.०.४० चा लॅपटॉप १९२.१६८.१.५० च्या प्रिंटरला थेट पॅकेट पाठवतो, प्रिंटरला मात्र तो परका वाटतो म्हणून उत्तर गेटवेकडे जातं, आणि प्रिंटरमध्ये गेटवे भरलेलाच नसेल तर उत्तर कुठेच जात नाही. गेटवे असला तरी राउटरच्या फायरवॉलने एकाच बाजूचं बोलणं पाहिलेलं असतं, त्यामुळे तो ते पॅकेट टाकून देऊ शकतो. काहींचं प्रिंट निघतं, काहींचं नाही, आणि लोक केबल बदलत बसतात! हाताने आयपी घातलेल्या प्रत्येक डब्यात जाऊन मास्क बदलणं, याला दुसरा इलाज नाही.

दुसऱ्या रेंजमध्ये जुन्या मशीनना हातच लावायचा नाही. १ वाले आणि ५ वाले एकाच स्विचवर असले तरी एकमेकांशी राउटरमधूनच बोलतात, जाताना आणि येताना. मोठ्या फाइली इकडून तिकडे जात असतील तर स्वस्तातला राउटर दमतो, तेवढं धरून चाला. नव्या रेंजचे पत्ते डीएचसीपी आपोआप वाटत नाही, ते सांगावं लागतं, आणि नॅटच्या (आतले पत्ते इंटरनेटसाठी बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या) नियमात जुनीच रेंज लिहिलेली असेल तर तीही वाढवा, नाहीतर ५ वाल्यांना इंटरनेट मिळणार नाही.

माझं मत सरळ आहे, हाताने आयपी घातलेली मशीनं चार-पाचच असतील तर स्लॅश २३ करा, जास्त असतील तर दुसरी रेंज. पण पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवायला म्हणून कुणी दुसरी रेंज टाकत असेल तर त्याला थांबवा, तार तीच, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना जाणारा निरोप) तोच, कुणीही हाताने १ चा आयपी घालून आत येतो. त्याला व्हीलॅनच, म्हणजे त्याच तारेवर वेगळं पाडलेलं नेटवर्क, लागतं.