संकेत-सरासरी

गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत पुन्हापुन्हा मोजून, सर्व नोंदी एकाच आरंभक्षणाशी जुळवून त्यांची सरासरी काढण्याची पद्धत. प्रयोगशाळांत ‘सिग्नल ॲव्हरेजिंग’ हेच नाव रूढ आहे. संकेत दर वेळी त्याच जागी येतो, गोंगाट मात्र कधी वर तर कधी खाली असतो. त्यामुळे १०० नोंदींच्या बेरजेत संकेत १०० पट होतो आणि गोंगाट सुमारे १० पटच (१००च्या वर्गमूळाएवढाच) वाढतो. स्पष्टता दहापट सुधारते. शंभरपट हवी असेल तर १०,००० नोंदी लागतात. हे वर्गमूळ फार कंजूष असते.

लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज डॉसन यांनी १९४७ मध्ये मेंदूच्या विद्युत आलेखांच्या अनेक रेषा एकाच छायाचित्रावर उमटवून त्यांतला सामाईक उंचवटा शोधला. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कपॅसिटरांत विद्युतभार साठवत बेरीज करणारे यंत्रच बनवले. या कामासाठी संगणक त्यानंतर आले.

आज ही पद्धत सर्वाधिक परिचित आहे ती लहान मुलांच्या ‘बेरा’ श्रवणतपासणीतून. बाळ झोपलेले असताना कपाळावर व कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानात टिकटिक असा आवाज सोडतात. मस्तिष्कस्तंभाचा (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाचा) प्रतिसाद मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा असतो. मेंदूची नेहमीची विद्युत हालचाल त्याच्या कित्येक पट. म्हणून प्रत्येक टिकटिकीनंतरच्या सुमारे १० मिलिसेकंदांच्या नोंदी एकावर एक रचतात. हजार-दोन हजार नोंदींनंतर लाटा दिसू लागतात. त्यांतली पाचवी लाट सर्वांत भरवशाची. मोठ्या माणसांत ती साधारण सहाव्या मिलिसेकंदाच्या आसपास दिसते, नवजात बाळात जरा उशिरा. बाळ हलले की त्या वेळची नोंद यंत्र टाकून देते, आणि तेच योग्य. एका मोठ्या झटक्याने शेकडो चांगल्या नोंदी बिघडतात. लाट खरी की भास हे ठरवायला चाचणी दुसऱ्यांदा घेऊन दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहतात.

टिकटिकीचा वेगही विचारपूर्वक निवडावा लागतो. सेकंदाला नेमक्या १० टिकटिकी ठेवल्या तर दोन टिकटिकींमध्ये ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची बरोबर पाच आवर्तने बसतात. विजेची गुणगुण मग दर वेळी सारख्याच जागी येते आणि सरासरी तिलाही संकेत समजते. म्हणून ११.१ किंवा २१.१ असे अडनिडे वेग ठेवतात.

पल्सर म्हणजे फिरताना ठरावीक काळाने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. त्याच्या निरीक्षणात आरंभक्षण टिकटिकीसारखा बाहेरून मिळत नाही. ताऱ्याच्या फिरण्याचा काळच माहीत असावा लागतो. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तरीही बहुतेक पल्सरांचे सुटे स्पंद गोंगाटावर येत नाहीत, म्हणून निरीक्षणाचे आवर्तनाएवढे तुकडे पाडून ते एकावर एक ठेवतात. एका सेकंदात फिरणाऱ्या पल्सरचा काळ ०.१ मिलिसेकंदाने चुकला, तर तासाभरात ३,६०० फेऱ्यांची चूक साठून स्पंद ०.३६ सेकंद रुंद पसरतो आणि जवळजवळ पुसला जातो.

चुकीचे अंशांकन किंवा उपकरणाचा कायमचा कल यांवर सरासरीचा उपाय चालत नाही. ती त्रुटी उलट अधिक सुबक दिसते. मापनयंत्राच्या एका पायरीहूनही (त्याला दाखवता येणाऱ्या सर्वांत लहान फरकाहूनही) लहान संकेत पकडायचा असेल तर थोडा गोंगाट लागतोच. तो नसेल तर प्रत्येक नोंदीत तोच आकडा येतो आणि लाखभर नोंदींची सरासरीही तेवढीच राहते.